‘प्रभातला लागला’ : चित्रपटगृहाच्या आठवणींची भाषा

तारुण्यात ज्या चित्रपटगृहाने वेड लावले, त्याच्या आठवणी मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. तिकिटाचा अल्प दर, शिट्ट्या, मध्यंतरातील खाणे आणि अखेरीस ‘ते दिवस गेले’ हा निःश्वास, असा या लेखनाचा साचा ठरून गेला आहे. चित्रपटगृहाचे नाव बदलले तरी मजकूर फारसा बदलत नाही. एका स्थळाविषयीचे म्हणून केलेले लेखन जर कोणत्याही स्थळाला लागू पडत असेल, तर त्यात स्मृती किती व संकेत किती, हा प्रश्न उपस्थित होतो.

त्याचे उत्तर शोधताना बोलीतील एका साध्या वाक्याकडे लक्ष द्यावे लागते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातील प्रभात चित्रपटगृह 1934 मध्ये सुरू झाले. ‘प्रभातला कोणता पिक्चर लागला आहे?’ असे त्याविषयी विचारले जाई. स्थलवाचक ‘-ला’ हा प्रत्यय मराठीत मुख्यतः गावांच्या नावांना लागतो. माणूस ‘पुण्याला’ राहतो. ‘घराला’ राहत नाही, ‘घरी’ किंवा ‘घरात’ राहतो. ‘प्रभातमध्ये’ म्हटले की भिंती व खुर्च्या डोळ्यांसमोर येतात. ‘प्रभातला’ म्हटले की ते वास्तूपेक्षा गावासारखे एक ठिकाण ठरते.

‘लागणे’ हे क्रियापद याहून अर्थपूर्ण आहे. दिवा लागतो, फळ लागते, तसा पिक्चर लागतो. येथे कर्ता दडलेला असतो. चित्रपट निवडणे प्रेक्षकाच्या हाती नव्हते. तो लागण्याची वाट पाहणे आणि उतरण्यापूर्वी गाठणे एवढेच त्याच्या हाती होते. आज घरी पडद्यावर चित्रपट ‘लावला’ जातो. ‘लागणे’ व ‘लावणे’ यांतील अंतर केवळ प्रयोजकतेचे नाही. प्रतीक्षेचे रूपांतर निवडीत झाल्याची ती व्याकरणातील नोंद आहे. स्मरणलेखकांना जी हुरहूर शब्दांत पकडता येत नाही, ती बहुधा या प्रतीक्षेची असते.

याच लेखनात ‘अंधारात सारे एक होत’ असे विधान वारंवार आढळते. त्याला मात्र भाषेचा आधार मिळत नाही. ‘पीट’ व ‘बाल्कनी’ हे शब्द जागेबरोबर माणसाची पायरीही सांगत. रंगभूमीच्या परिभाषेतून आलेला ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग तर अभिरुचीवरील शेरा होऊन बसला. अंधार सर्वांना सारखा असला तरी दर सारखा नव्हता. हे शब्द गाळून सर्वत्र ‘प्रेक्षागृह’ असा सोज्ज्वळ शब्द योजणारा लेखक आठवण जपत नाही. तिच्यातील विषमता पुसून टाकतो.

2014 च्या अखेरीस ‘प्रभात’ बंद झाले. पुढे ती वास्तू ‘किबे लक्ष्मी’ या नावाने पुन्हा उघडली. वास्तूचे जतन हे अभियंत्याचे काम आहे. ‘लागला’, ‘उतरला’, ‘पीट’ या शब्दांचे जतन स्मरणलेखकावर अवलंबून आहे. ते त्याने केले, तर त्याच्या लेखनाला हळहळीपलीकडचे, सामाजिक साधनाचे मोल येईल. एरवी नावे बदलत जातील आणि मजकूर तोच राहील.