शून्य चुका, पण कोणत्या तापमानाला?

द्विमान पद्धतीत ६१ म्हणजे ११११०१ आणि ६३ म्हणजे ११११११. गुणपत्रक बनवताना संगणकाच्या स्मृतीत एक बिट उलटला, की दोन गुण फुकट! मदरबोर्डचे फर्मवेअर बदलल्यानंतर असे घोटाळे किंवा संगणक अचानक बंद पडणे सुरू झाले, तर ‘रॅम गेली’ हे निदान ठरलेलेच.

ते पडताळण्यासाठी क्रिस ब्रॅडी यांची १९९४ सालची ‘मेमटेस्ट८६’ ही आज्ञावली आजही उपयोगी आहे. ती विंडोजविना चालते, स्मृतीत ठरावीक नमुने लिहिते आणि परत वाचते. इतके सरळ साधन विरळाच.

आक्षेप आहे तो तिचा निकाल वाचण्याच्या आपल्या पद्धतीवर. चूक दिसली म्हणजे चिपच खराब, असे नव्हे. नवे फर्मवेअर स्मृतीचे वेळापत्रक व व्होल्टेज वेगळे ठरवू शकते. जादा वेगाची एक्सएमपी सोय बंद करून डीडीआर४ रॅम २१३३च्या मूळ वेगावर तपासावी. चुका थांबल्या, तर नव्या रॅमचा खर्च कशाला? न थांबल्यास एकेक पट्टी वेगळी तपासावी.

आणि ‘शून्य चुका’? डीरॅमचा प्रत्येक कप्पा ही गळकी घागर आहे. साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तिच्यात विद्युतभार पुन्हा भरावा लागतो. उष्णतेने गळती वाढते. नाशिकच्या जानेवारीतील गार सकाळी उत्तीर्ण झालेली रॅम मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकल्यावर, पत्र्याच्या छपराखालील संगणक कक्षात नापास होऊ शकते. (खोलीचे तापमान पडद्यावर येत नाही!) म्हणून विद्यार्थ्यांनी चाचणी भर दुपारी, किमान चार फेऱ्यांची घ्यावी आणि नोंदवहीत तापमानाचाही रकाना आखावा.