‘आहे’ आणि ‘असावे’

माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती? ४६, असे शाळकरी मूलही न अडखळता सांगते. पण १९२३ पासून सुमारे तीन दशके पाठ्यपुस्तकांत ४८ हा आकडा छापला जात होता. तो थिओफिलस पेंटर यांचा. गंमत अशी की, १९२१ च्या टिपणात त्यांनीच ४६ की ४८ हा प्रश्न मोकळा ठेवला होता. सर्वांत स्पष्ट पेशींत ४६च दिसल्याचेही नोंदवले होते. पुस्तकांनी आकडा उचलला, शंका मागेच राहिली.

१९५६ मध्ये जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेवान यांचा सहा पानी निबंध ‘हेरेडिटास’मध्ये आला. त्यांनी चार मानवी गर्भांच्या फुप्फुसांतील २६१ पेशी तपासल्या होत्या. बहुतेक सर्व पेशींत ४६ गुणसूत्रे होती, हे ते स्वच्छ सांगतात. मात्र ‘माणसाची गुणसूत्रे ४६’ असे सर्वसाधारण विधान आपण करू इच्छित नाही, तरी तो निष्कर्ष टाळणे कठीण आहे, अशा आशयाचा त्यांचा समारोप आहे. हे वाक्य मला जरा जास्तच नम्र वाटते. दावा करायचाही आणि नाकारायचाही! पण शंका कुठे ठेवली आहे ते पाहावे. मोजणीबद्दल ती नाही. एका अवयवावरून, चार गर्भांवरून साऱ्या मानवजातीकडे उडी घेण्याबद्दल आहे. त्याच वर्षी फोर्ड आणि हॅमर्टन यांना वृषणातील पेशींत २३ जोड्या आढळल्या, आणि ती उडी सुरक्षित ठरली.

मराठीत हे काम क्रियापदच करते. ‘असेल’ हा नुसता अंदाज. ‘असावे’ म्हणजे पुराव्यावरून बांधलेला तर्क. इतकी सोय असून आपली विज्ञानाची पुस्तके ‘आहे’ आणि ‘असे मानले जाते’ या दोनच खुंट्यांवर सारे टांगतात. कोण मानते? कशावरून? ‘मानले जाते’ ही सावधगिरी नव्हे, अंग काढून घेणे आहे.

कांद्याच्या मुळाच्या टोकातील पेशीत १६ गुणसूत्रे असतात. काचपट्टीवर १४ दिसली तरी मुले वहीत १६ लिहितात, कारण पुस्तकात तसे आहे. एखादीने ‘मला १४ दिसली, दोन एकमेकांवर आली असावीत’ असे लिहिले, तर त्या उत्तराचे गुण आपण कापतो की देतो?