पिशाच्चांचें बारसें

संगणकावरील खेळांची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें वाचक विचारतील. आमचें उत्तर एवढेंच कीं, जेथें एका शब्दावर कोणाचें जगणें-मरणें अवलंबून आहे, मग तें मरण लटकें कां असेना, तेथें टीकाकाराला काम आहे. मेलेलीं माणसें उठून जिवंतांच्या मागें लागतात आणि खेळाडूनें त्यांतून तगून राहावयाचें, अशा 'झॉम्बी' खेळांत हा प्रसंग क्षणोक्षणीं येतो.

अमेरिकेंतील न्यू इंग्लंडमध्यें घडणारा 'कॅटॅक्लिझम : डार्क डेज अहेड' हा खेळ घ्या. त्याच्या अगदीं साध्या रूपांत चित्रें नाहींत. पडद्यावर नुसतीं अक्षरें दिसतात. प्रत्येक झॉम्बी म्हणजे रोमन लिपींतील एक 'झेड', रंग काय तो निराळा. भीतीचा सारा भार येथें नांवावर पडतो. 'स्पिटर' म्हणजे थुंकणारा, 'शॉकर' म्हणजे विजेचा झटका देणारा. नांव वाचतांच कशापासून जपावयाचें हें उमगतें. 'ब्रूट' आणि 'हल्क' यांचें तसें नाहीं. एक आडदांड, दुसरा अजस्र. दोन्ही शब्द अंगापिंडाचे. पहिल्याशीं हुशारीनें झुंजतां येतें, दुसऱ्यापुढून बहुधा पळावेंच लागतें, हा जीवघेणा भेद मात्र शब्दांत उतरलेला नाहीं. 'नेक्रोमॅन्सर' हें नांव तर पंडिती. प्रेतें उठविणारा हा मांत्रिक ग्रंथ वाचलेल्यालाच ओळखूं यावयाचा.

आपल्याकडील भुतांच्या नांवांतहि हे दोन प्रकार आहेत. 'मुंजा' हें नांव तो मरणापूर्वीं कोण होता हें सांगतें. 'चकवा' हें तो काय करतो हें सांगतें. रात्रीं रानवाटेनें जाणाराला दुसऱ्या प्रकाराचाच उपयोग अधिक.

यावर कोणी म्हणेल कीं, सारें स्पष्ट केल्यास भय उरत नाहीं. आम्हांस हें मान्य नाहीं. २०१३ सालच्या 'द लास्ट ऑफ अस'मध्यें बुरशीनें ग्रासलेला एक आंधळा जीव आहे. तोंडानें टकटक आवाज करीत तो सावज हुडकतो. त्याचें नांव 'क्लिकर'. त्या नांवांत दांत नाहींत, रक्त नाहीं. आहे तो केवळ आवाज. अंधारांत श्वास रोखून भिंतीला चिकटलेल्या माणसाच्या तोंडूनच हा शब्द निघाला असावा, असें वाटतें. उलट २००८ सालच्या 'लेफ्ट फोर डेड'मधील 'विच', म्हणजे चेटकीण, हें नांव ढोबळ आहे. ती रडत बसलेली असते आणि तिला डिवचूं नये, हीच तिच्याविषयींची मुख्य गोष्ट. ती नांवांत नाहीं. तिचें रडणें दुरून ऐकूं येतें, म्हणून निभावतें.

वस्तूंच्या बाबतींत तर गूढतेला जागाच नको. १९९६ सालच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्यें औषधी वनस्पतींचीं नांवें केवळ रंगांचीं आहेत. हिरवी जखम भरते, निळी विष उतरविते, तांबडी एकटी निरुपयोगी, पण हिरवींत मिसळली कीं तिचा गुण वाढविते. रंगावरून गुण कळत नाहीं हें खरें. पण डोळ्याला दिसतें तेंच नांव असल्यामुळें एकदां शिकलेलें घाईंत चुकत नाहीं. भारदस्त नांवाच्या बोथट हत्यारानें मात्र 'नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा' असा अनुभव यावयाचा, आणि तोहि प्राण गेल्यावर!

स्पष्ट नांव म्हणजे संपूर्ण वर्णन नव्हे. त्यानें एकच गोष्ट सांगावी, पण ती जीव वाचविणारी असावी. बारसें करणाऱ्यांनीं आपलें पांडित्य पाळण्यापाशीं आणूं नये. नांव पळणाऱ्याच्या तोंडून उचलावें, इतकीच आमची सूचना आहे.