वाइन टूर: गाइड काय सांगतो, काय गाळतो

नाशिकची वाइन टूर ही मुळात सांगितलेली गोष्ट आहे. तिला निवेदक आहे, ठरलेली प्रकरणं आहेत, शेवट गोड आहे. मग तिची समीक्षा पुस्तकासारखी का करू नये? मी एका दिवसात दोन वायनरींच्या टूर केल्या. गाइड वेगळे, पटकथा जवळपास एकच.

पहिलं प्रकरण संस्थापकाचं. नाशिकमध्ये या प्रकरणाचा साचा राजीव सामंत यांच्यामुळे पडला: ओरॅकलमधली नोकरी सोडून ते परतले आणि १९९७च्या सुमारास त्यांनी इथे वाइनची द्राक्षं लावली. आयटीतल्या माणसाला ही गोष्ट आवडतेच, त्यामुळे शनिवारच्या गर्दीत ती हमखास चालते.

दुसरं प्रकरण टाक्यांचं, आणि ते खरंच उत्तम असतं. रेड वाइनचा रंग सालीतून येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात; व्हाइटसाठी साल आधीच बाजूला काढतात. वाइनच्या द्राक्षाचे मणी लहान का हवेत, तेही इथे कळतं: रसाच्या मानाने साल जास्त मिळते. गाइडला हे मनापासून येतं. उलटसुलट प्रश्न विचारा, तो अडखळत नाही.

तिसरं प्रकरण टेस्टिंगचं. इथे भाषा परकी होते. सोव्हिन्यों ब्लांक हुंगून सगळे 'बेल पेपर' म्हणत माना डोलावतात. ढोबळी मिरची म्हटलं असतं तर वास लगेच सापडला असता. पेरूही सापडला असता.

पण टूरची मोठी उणीव वेगळीच आहे. यात शेत नाही. वेलींच्या रांगा दिसतात, त्या फोटोची पार्श्वभूमी म्हणून. गाइड 'भारताचं नापा' म्हणतो आणि पुढे जातो. गंमत म्हणजे नाशिकची खरी गोष्ट नापापेक्षा निराळी आहे. नापातली वेल थंडीत पानं गाळून झोपते. नाशिकची वेल तशी झोपत नाही, म्हणून माणसाला कात्री हातात घेऊन तिचं वर्ष ठरवावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: त्यातून फळ देणारी काडी तयार होते. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी: त्यातून घड येतो. छाटण्या दोन, पीक एकच. नापात तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते. इथे द्राक्ष थंडीत पिकतं आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडलं जातं. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डावण्याच्या भीतीने शेतकऱ्याची झोप उडते.

या कामाला हात लागतात. जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. कोणती काडी ठेवायची, किती डोळ्यांवर कापायची, हे त्यांचं रोजचं ज्ञान. ओकच्या पिंपाला टूरमध्ये दहा मिनिटं मिळतात, या ज्ञानाला एक वाक्यही नाही.

'वाइन शेतात घडते' असं दोन्ही गाइड म्हणाले. वाक्य बरोबर आहे. मग टूर शेडमध्ये का सुरू होते? दहा मिनिटं छाटणीला द्या, कात्री धरणाऱ्यालाच बोलू द्या, मराठीत. तोवर ही गोष्ट चांगली आहे, पण तिची पहिली पानं फाटलेली आहेत. जाणार असाल तर गोडी छाटणीच्या दिवसांत जा आणि ती पानं बांधावर उभं राहून विचारून घ्या.