शारदेला कुणी विचारलं?

लहान मुलांना मोठ्यांच्या नाटकाला न्यावं की नाही, या प्रश्नावर आमच्या घरी भरलेली बैठक चांगली तासभर चालली. नाटक होतं 'संगीत शारदा', प्रयोग हौशी मंडळींचा. तिकिटं तीन, कारण मेहुण्यानं ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. "नऊ वर्षांच्या पोरीला काय कळायचंय त्यातलं?" आई म्हणाली. "कंटाळली तर मी तिला घेऊन बाहेर बसणार नाही, आधीच सांगते," आमची ही म्हणाली. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ठेवा की! फक्त आज आमच्याकडे पाहुणे आहेत." बँकेतल्या सवयीप्रमाणे मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि प्रकरण निर्णयासाठी वर, म्हणजे हिच्याकडे, पाठवलं. जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं ती चिमी दारात चपला घालून उभी होती.

मुलं गोंगाट करतात म्हणून त्यांना नाट्यगृहात आणू नये, असं म्हणतात. मी कॉमर्सचा पदवीधर, म्हणून मध्यंतरापर्यंतच्या गोंगाटाचा हिशेब ठेवला. मागच्या रांगेत एका गृहस्थांचा मोबाइल दोनदा वाजला. दुसऱ्यांदा त्यांनी तो घेतला आणि "नाटकात आहे, नाटकात!" असं रंगमंचावरच्यांनाही कळेल इतक्या आवाजात सांगितलं. पुढच्या बाईंनी वेफर्सचं पाकीट आवाज होऊ नये म्हणून इतकं हळूहळू फोडलं, की तो आवाज एक अख्खं पद पुरला. माझ्या शेजारचे आजोबा तर प्रत्येक पद नटाच्या आधी म्हणून मोकळे होत होते. चिमीच्या खात्यावर एकही नोंद नव्हती.

नाटकाबद्दल म्हणाल, तर गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली किर्लोस्कर मंडळीकरता रंगभूमीवर आणलेलं हे नाटक अजून ताजं वाटतं. देव-दानव, राजे-राण्या बाजूला ठेवून देवलांनी घरातलं दुखणं संगीत नाटकात आणलं. माणसं बोलतात तीही घरातल्यासारखी. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला बायको हवी आहे, कांचनभटाला पैसा हवा आहे आणि मध्ये भद्रेश्वर दीक्षित दलालीला बसला आहे. म्हटलं तर चोख व्यवहार. घेणारा राजी, देणारा राजी, दलाल तर दोघांहून राजी. देवलांची खुबी अशी, की ही सौदेबाजी ते आपल्याला पोट धरून हसायला लावत दाखवतात आणि मग शारदेला समोर आणून उभी करतात. हसू घशातच अडकतं. आमच्या हौशी मंडळींचा भुजंगनाथ मात्र टाळ्यांच्या मोहात पडला. कंबर वाकवून तो इतका नाचला, की त्याची भीती वाटण्याऐवजी कीव वाटू लागली. इथे प्रयोग घसरला.

तो सावरला चिमीनं. शारदा एकटीच उभी, पेटी थांबलेली, सगळीकडे शांतता. त्या शांततेत चिमीनं विचारलं, "बाबा, पण तिला कुणी विचारलंच नाही का?"

चार रांगा वळल्या. हिनं मला चिमटा काढला, जणू संवाद मीच लिहून दिला होता. शेजारचे आजोबा मात्र पुढचं पद म्हणायचे थांबले. जरा वेळानं म्हणाले, "नाही विचारलं, बाळ. तेच तर नाटक आहे."

एवढ्याशा वाक्यात नाटकाचं सार सांगणारं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला. मुलीच्या लग्नाचं किमान वय तेव्हा चौदा ठरलं; अठरा व्हायला १९७८ साल उजाडलं. तो कायदा मांडणारे हरबिलास सारडा, म्हणून तो सारडा कायदा. आपल्याकडे त्याला शारदा कायदाही म्हणत, त्यामुळे देवलांच्या शारदेवरूनच हे नाव पडलं असं मी अनेक वर्षं समजत होतो. योगायोग म्हणतात तो हाच.

घरी येताना चिमीनं नाटकातला दोषही काढला. "शेवटी पण मोठ्यांनीच ठरवलं ना?" म्हणाली. खरंच आहे. म्हातारा टळतो, तरुण कोदंड मिळतो, पण त्याला शंकराचार्यांची संमती यावी लागते. १८९९ साली देवलांनी याहून पुढे जावं अशी अपेक्षा करणं अन्याय होईल, असं मी तिला समजावून सांगितलं. सांगताना संध्याकाळची आमची बैठक आठवली. चार मोठी माणसं, एक तास चर्चा, आणि चपला घालून दारात उभी असलेली मुलगी. प्रश्न नाटकाचा होता, लग्नाचा नव्हता, हे कबूल. पण बैठक तीच.

परवा आमच्या हेडक्लार्कच्या निवृत्तीचा समारंभ होता. ही म्हणाली, "चिमीला न्यायचं का?" मी सरळ चिमीलाच विचारलं.

"तिथे भाषणं असतात?"

"असतात."

"किती?"

"सात."

"मग तुम्ही जा, बाबा. मी काकूंकडे बसते."

मलाही कुणीतरी विचारायला हवं होतं.