हवामान विभागाची ग्रिड फाइल : फुकट आहे, पण खुली आहे का?

नाशिकच्या पावसावर संशोधन करायचं म्हटलं की सगळे एकच फाइल सुचवतात : भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशांचा दैनिक पाऊस, १९०१ पासूनचा. पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण फाइल डाउनलोड होते म्हणजे डेटा खुला झाला, असं नाही.

आधी माझी चूक सांगतो. जिथे आकडा नाही तिथे या फाइलमध्ये -९९९ असतं. मी कोकणासकट चौकोन घेतला, समुद्रावरचे -९९९ तसेच राहिले आणि सरासरी पाऊस उणे आला. ही चूक निदान दिसते तरी!

तारखेची चूक दिसत नाही. पाऊस सकाळी साडेआठला, मागच्या २४ तासांचा मोजतात. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात द्राक्षबागा झोडपणारा संध्याकाळचा पाऊस २७ तारखेत शोधायचा.

खरा आक्षेप पुढे आहे. पै आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या 'मौसम'मधल्या लेखात ६,९५५ केंद्रांचा डेटा वापरलाय. पण रोज सगळ्या केंद्रांची नोंद नसते. मधल्या जागा आजूबाजूच्या केंद्रांवरून, अंतर बघून भरल्या जातात. आपल्या चौकोनात त्या दिवशी किती केंद्रं होती, हे फाइल सांगत नाही. मग दिसणारा कल पावसाचा की केंद्रं बदलल्याचा? याआधीच्या एक अंशाच्या संचात १९५१ ते २००३ साठी किमान ९० टक्के नोंदी असलेली १,८०३ केंद्रंच घेतली होती. तो ढोबळ आहे, पण कल बघायला जास्त भरवशाचा.

शिवाय एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. गंगापूर धरण आणि नाशिक शहर एकाच आकड्यात येतात. घाटाकडून पूर्वेला पाऊस किती झपाट्याने कमी होतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

२०१६ च्या 'फेअर' तत्त्वांत डेटा सापडावा, मिळावा, जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, अशा चार अपेक्षा आहेत. ही फाइल पहिल्या दोन पूर्ण करते, चौथीत अडखळते. दर चौकोनामागे रोजची केंद्रसंख्या दिली, तरी बरंच भागेल.

तोवर आपण काय करायचं? दिंडोरी रोडवरच्या जलसंपदा विभागाच्या जलविज्ञान कार्यालयात पर्जन्यमापकांच्या नोंदी मागून पडताळा. आणि स्वतःचा डेटा देताना डाउनलोडची तारीख, घेतलेले चौकोन, गाळलेले आकडे आणि कोड सोबत द्या. नाहीतर आपलीही फाइल नुसती फुकटच.