मर्यादा कोणाची आणि वाढवतो कोण?

आज टीकेसाठी आम्ही ग्रंथ घेतलेला नाही, एक उपाय घेतला आहे.

आमच्या जुन्या टिपणांची स्कॅन केलेली पानं आम्ही काही विद्यार्थ्यांसह गिटमध्ये ठेवतो. गिट म्हणजे २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी लिहिलेली, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली. एकदा सगळी पानं सर्व्हरकडे पाठवायला गेलो, तर पलीकडच्यानं मध्येच संबंध तोडला. एका विद्यार्थ्यानं लगेच तोडगा सांगितला, ‘सर, पोस्टबफर वाढवा, ५२४२८८००० करा.’ म्हणजे ५०० एमबी. केलं. पुन्हा तेच.

हा उपाय जो तो सांगतो. तो का फसला हे समजायला गिट नेटवर्कवर बोलतं कसं, ते आधी पाहू.

गिट पुडकी करून बोलतं. प्रत्येक पुडक्याच्या तोंडाशी चार अंक असतात. ते पुडक्याची एकूण लांबी सांगतात, सोळाच्या पायावर, आणि ते चार अंकही त्या लांबीत धरलेले असतात. नुसतं ‘क’ पाठवायचं, तर यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट आणि अंकांचे चार, म्हणून तोंडाशी ०००७. चार शून्यं आली तर ती लांबी नव्हे. ‘आमचं इथवर झालं’ अशी ती खूण. चार अंकांत ६५५३५ पर्यंत मोजता येतं, पण नियम ६५५२० बाइटांवर थांबवतो. म्हणजे घेणाऱ्याला अंथरूण केवढं घालायचं ते आधीच ठाऊक. मजकूर कितीही मोठा असो, पुडकी वाढतील, पुडकं वाढणार नाही. ही मर्यादा अडवत नाही, तिच्यामुळेच व्यवहार चालतो.

आता ही मर्यादा बदलायची झाली तर? त्याचाही दाखला आहे. मूळ माल, प्रगतीच्या सूचना आणि घातक चुकांचे निरोप एकाच वाटेनं वेगवेगळे ओळखू येतील असे पाठवायची सोय गिटमध्ये आहे. तिचं जुनं रूप १००० बाइटांच्या पुडक्यांचं. मोठी पुडकी हवी झाली तेव्हा जुना आकडा परस्पर वाढवला नाही. नव्या नावाची क्षमता आणली. सर्व्हर ती जाहीर करतो, समोरच्याला कळत असेल तर तो ती मागतो, नाहीतर जुन्या हजारावर काम चालतं. दोघांची मर्यादा दोघांच्या संमतीनं वाढली. आम्हाला हे फार शहाणपणाचं वाटतं.

पोस्टबफरचं तसं नाही. तो एकट्या पाठवणाऱ्याचा आकडा आहे, मुळात १ एमबी. माल त्यात मावला तर लांबी आधी सांगून एकदम जातो. मावला नाही तर लांबी न सांगता तुकड्यातुकड्यांनी जातो. पण जातोच! म्हणजे तो कमाल मर्यादा नव्हेच. आकडा वाढवल्यानं फक्त तुकडे करणं थांबतं. मधल्या प्रॉक्सीला किंवा सर्व्हरला तुकड्यांची भाषा कळत नसेल, तेवढ्यापुरता उपयोग. गिटच्या अधिकृत दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय बजावलंही आहे की छोटंसं काही पाठवतानाही तेवढी सगळी मेमरी अडकते.

आमच्या पडद्यावर, नीट वाचलं तेव्हा, ४१३ हा आकडा होता. एचटीटीपीत त्याचा अर्थ, विनंती आम्हाला झेपण्यापेक्षा मोठी आहे. मर्यादा सर्व्हरची, आणि आम्ही वाढवत होतो आमची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शेवटी एकेक कमिट करून पानं थोडी थोडी पाठवली. गेली.

विद्यार्थी म्हणाला, ‘पण सर, पुष्कळांचं काम होतं यानं.’ होत असेल. काहींची अडचण खरोखर तुकड्यांची असेल. बाकीच्यांचं नेटवर्क मधल्या वेळात सुधारलं असेल. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की कावळ्याला श्रेय मिळतं. आपल्या नैयायिकांना हा काकतालीय न्याय चांगला माहीत होता.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ‘पोस्टबफर’ हे नावच असं, की वाटावं हाच अडथळा. आणि घातक चूक कळवायची वाट गिटनं राखून ठेवली असली, तरी मधल्यानंच दार लावलं तर तो निरोप पोचणार कुठून? उरतो तो ‘संबंध तुटला’ एवढा मोघम संदेश, आणि मोघमपणातच असले तोडगे फोफावतात.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. मर्यादा आडवी आली की ती कशी वाढवायची हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ती कोणाची? पलीकडच्याची असेल, तर आपला आकडा कितीही फुगवा, तो आपल्याच घरात फुगेल.